एनजिनएक्सवर जीझिप चालू, तरी साइट जड?

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये जीझिप (फाइल आकाराने लहान, म्हणजे कॉम्प्रेस करून पाठवायची सोय) चालू केलं की काम झालं असं वाटतं, पण मूळ सेटिंगमध्ये फक्त एचटीएमएल कॉम्प्रेस होतं. सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन, एसव्हीजी हे प्रकार 'जीझिप टाइप्स'च्या ओळीत आपणच लिहायचे. जेपीजी-पीएनजी तिथे घालू नका. ते आधीच कॉम्प्रेस झालेले असतात, प्रोसेसरला उगाच ताप.

कॅशचं, म्हणजे ब्राउझरने फाइल स्वतःकडे साठवून ठेवण्याचं म्हणाल, तर ज्या फाइलच्या नावातच हॅश (मजकुरावरून बनलेला कोड) आहे आणि मजकूर बदलला की नावही बदलतं, तिला 'मॅक्स-एज' (साठवलेली फाइल किती वेळ वापरायची ती मुदत) बिनधास्त ३१५३६००० सेकंद, म्हणजे वर्षभर द्या. एचटीएमएलला मात्र 'नो-कॅश'च (दर वेळी आधी सर्व्हरला विचारून मगच साठवलेली प्रत वापर) हवं, नाहीतर नवी आवृत्ती चढवूनही लोकांना जुनंच पान दिसत राहतं. शेवटी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये सीएसएस फाइलवर क्लिक करून उत्तरात 'कंटेंट-एन्कोडिंग' हेडर येतोय का, म्हणजे फाइल खरंच कॉम्प्रेस होऊन येतेय का, ते बघा.