मारिओच्या ‘मायनस वर्ल्ड’मध्ये कसे जायचे

१९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेममध्ये एक लेव्हल आहे, जी कोणी मुद्दाम बनवलीच नव्हती. पडद्याच्या वरच्या बाजूला वर्ल्डच्या आकड्याच्या जागी ‘-१’ दिसते. तिथे जायला चीट कोड लागत नाही. एक उडी नेमकी जमावी लागते, आणि ती जमेपर्यंत धीर धरावा लागतो.

आधी आवृत्ती पाहून घ्या. निंटेंडोच्या एनईएस या जुन्या गेम-यंत्राच्या मूळ कार्ट्रिजवरचा गेम हवा. १९९३ च्या ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’मध्ये ही फट बुजवलेली आहे.

१-१ मध्ये (म्हणजे वर्ल्ड १ च्या पहिल्या लेव्हलमध्ये) मारिओला मोठा करणारा मश्रूम घ्या आणि मोठा मारिओ सांभाळत १-२ च्या शेवटी पोचा. लहान मारिओकडून विटा फुटत नाहीत. शेवटचा, बाहेर नेणारा पाइप आला की आत शिरू नका, त्याच्या माथ्यावर चढा. वर छताच्या विटा आहेत. उजव्या भिंतीला चिकटलेली वीट तशीच ठेवून तिच्या डावीकडच्या दोन फोडा. ती कडेची वीट फार जपा, पुढचे सगळे तिच्यावर आहे.

आता उडी. पाइपच्या डाव्या कडेला, डावीकडे तोंड करून उभे राहा. खालचे बटण दाबून बसा, बसूनच उडी मारा आणि हवेत गेल्यावर उजवीकडे दाबा. या गेममध्ये मारिओ हवेत तोंड फिरवत नाही, त्यामुळे तो पाठीकडून भिंतीकडे सरकतो. राखलेल्या विटेच्या खालच्या कोपऱ्याशी नेम बसला की तो भिंतीत घुसतो. घन वस्तूत अडकलेल्या मारिओला गेम थोडाथोडा बाहेर ढकलतो. इथे तो उजवीकडे ढकलतो, म्हणून मारिओ भिंतीच्या आरपार सरकत जातो. पहिल्यांदा हे दिसते तेव्हा खरोखर श्वास रोखला जातो. पुन्हापुन्हा खाली पडलात तर उभे राहण्याची जागा किंचित बदला.

पलीकडे वॉर्प झोन आहे, म्हणजे थेट पुढच्या वर्ल्डमध्ये नेणाऱ्या पाइपांची जागा. तिथे उजवीकडे पुढे जाऊ नका. स्वागताची ओळ पडद्यावर यायच्या आत डावीकडच्या पहिल्याच पाइपात उतरा. ओळ आली की पाइपांना ४, ३, २ हे आकडे मिळतात आणि संधी जाते. त्याआधी मात्र गेम ४-२ मधल्या एका वॉर्प झोनचे आकडे धरून असतो. तिथे मधला एकच पाइप आहे, वर्ल्ड ५ चा. दोन्ही बाजूंना काहीच नाही, म्हणून तिथे ‘रिकामी जागा’ लिहून ठेवली आहे आणि गेमच्या चित्रसंचात रिकाम्या चौकोनाचा क्रमांक आहे ३६. पाइप तोच ३६ वर्ल्डचा आकडा समजतो. म्हणजे तुम्ही खरे तर ३६-१ मध्ये जाता. ३६ च्या जागी कोरा चौकोन उमटतो आणि उरते ‘-१’. मारिओ गेम्सच्या मालिकेतल्या सगळ्या ग्लिचमध्ये, म्हणजे गेममधल्या चुकांमध्ये, मला हाच सर्वांत सुंदर वाटतो.

आत ७-२ सारखी पाण्याखालची लेव्हल आहे. शेवटचा पाइप पुन्हा सुरुवातीलाच आणून सोडतो, त्यामुळे सुटका नाही: वेळ संपते, लाइफ संपतात. जपानमधल्या १९८६ च्या डिस्क आवृत्तीत मात्र इथे तीन वेगळ्या लेव्हल आहेत आणि त्या पूर्ण करता येतात. पहिलीत तर मारिओ जिला सोडवायला निघतो ती राजकन्या आणि खलनायक बाउझर पाण्यात तरंगताना दिसतात.