स्पिकाटो आणि सोतिए: व्हायोलिनच्या बोला टप्पा खाऊ द्यायचा कसा

स्पिकाटो म्हणजे व्हायोलिनचा बो (गज) तारेवर उसळवत तुटक सूर काढणं; सोतिए हा त्याहून जलद, वेगळा प्रकार. स्पिकाटो शिकताना पहिली गल्लत होते ती ‘बो उचलायचा आणि परत ठेवायचा’ असं मनात धरल्यामुळे. सेकंदाला पाच-सहा वेळा बो हाताने उचलून ठेवणं कुणालाच फार वेळ जमत नाही. दोन ओळींत मनगट आखडतं आणि सूर खरखरायला लागतात. चेंडूचे टप्पे मारताना आपण चेंडू दर वेळी जमिनीवरून उचलून आणत नाही. तो आपणहून वर येतो, तळहात फक्त लय सांभाळतो. बोचंही तसंच आहे. काडी लवचीक, केस ताणलेले आणि खाली तारही स्प्रिंगसारखी. बोच्या काडीचा आजचा आत वळलेला बाक १८व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फ्रांस्वा तूर्त यांच्या हातून पक्का झाला. उसळीची निम्मी मेहनत हा बाकच करतो.

म्हणून आधी बो तपासा. केस ताणणारा स्क्रू पूर्ण सैल केल्यावर काडी मधोमध केसांना जवळजवळ टेकली पाहिजे. तिथे मोठी फट राहत असेल तर बाक गेलेला आहे, आणि अशा बोवर महिनाभर घाम गाळला तरी टप्पा नीट येणार नाही. बाक ठीक असेल तर केस इतके ताणा की मधोमध काडी आणि केस यांच्यात पेन्सिल जेमतेम मावेल, म्हणजे ६-७ मिमी अंतर. यापेक्षा सैल असेल तर काडी केसांवर आपटते आणि टप्पा मरतो. फार घट्ट असेल तर बो थरथरतो, आवरत नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात केस ओलावा धरून लांबतात, तेव्हा स्क्रू अर्धा फेरा जास्त लागतो. तोच बो एसीच्या खोलीत नेला की केस आखडतात. जूनमध्ये ‘अचानक जमेनासं झालं’ म्हणणाऱ्यांनी हात तपासण्याआधी स्क्रू तपासावा.

आता जागा. बो आडवा करून एका बोटावर तोला. बहुतेक बो फ्रॉगच्या (बो जिथे धरतो तिथल्या ठोकळ्याच्या) पुढच्या कडेपासून १८ ते २० सेंमीवर तोलले जातात. त्या जागी काडीला रंगीत दोरा सैलसर बांधा. चिकटपट्टी नको, वार्निश खराब होतं. या दोऱ्यापासून बोच्या मध्यापर्यंतचा पट्टा म्हणजे स्पिकाटोचं घर.

पहिला प्रयोग नुसता ऐकण्याचा. बो डी तारेच्या ३-४ सेंमी वर धरा, बोटं ढिली ठेवा आणि बो पडू द्या. आडवं ओढायचं नाही, थांबवायचंही नाही. दोऱ्याजवळ दोन-तीन जड, संथ टप्पे पडतील. मध्यावर ते जलद होतील. टोकाच्या बाजूला दोन तृतीयांशावर तर सरळ ‘टर्रर्र’ ऐकू येईल. हे पाच मिनिटं करून पाहिलं की एक गोष्ट हातालाच कळते: टप्प्याचा वेग मुख्यतः जागा ठरवते. संथ हवा असेल तर फ्रॉगकडे सरका, जलद हवा असेल तर मध्याकडे. चुकीच्या जागेवर बसून हाताने वेग बदलायला जाणं म्हणजे बोशी कुस्ती.

मग आडवी हालचाल. बरेच जण अगदी संथ लयीत सुरुवात करायला सांगतात. मला ते पटत नाही. फार संथ लयीत बो स्वतः उसळत नाही, त्याला हवेत पेलून धरावं लागतं, आणि मग नेमकी उचल-ठेवीची सवय लागते. मेट्रोनोम ७२ वर लावा, एका ठोक्याला चार सूर, मोकळी डी तार. दोऱ्याच्या पुढे दोन-तीन सेंमीवर, तारेवर टेकूनच, प्रत्येकी ३ सेंमीचे छोटे डेटाशे (तार न सोडता, दर सुराला दिशा बदलत मारलेले सुटे फटकारे) मारा. केस सपाट ठेवा, जरासेच कललेले चालतील. आठ सूर झाले की तर्जनीचा दाब सोडा, बाकी काही बदलू नका. बो आपणहून तार सोडायला लागेल. पुढचे आठ सूर तसेच जाऊ द्या, मग पुन्हा दाब देऊन तारेवर या. आठ आत, आठ बाहेर, हे रोज दहा मिनिटं.

हाताचा मार्ग उथळ वाटीसारखा असतो: बो वरून तिरका येतो, वाटीच्या तळाशी तारेला घासतो, दुसऱ्या बाजूने वर जातो. सूर त्या तळाशी निघतो. बो तारेपासून अर्धा सेंमी उठला तरी पुरे, एक सेंमी म्हणजे डोक्यावरून पाणी. करंगळी काडीवर गोलाकार बसलेली असावी. खाली येणाऱ्या बोचं वजन तीच झेलते. ती ताठ झाली की टप्पाही ताठ होतो.

मोकळ्या तारेवर एक मिनिट सलग जमलं की डी मेजर स्केल घ्या: प्रत्येक सूर आठदा, मग चारदा, दोनदा, शेवटी एकदा. दोनावरून एकावर येताना गाडी हमखास अडते, आणि दोष बहुतेक वेळा डाव्या हाताचा असतो. बो तारेवर येण्याआधी बोट दाबलेलं हवं. तारेवर टेकून वाजवताना उशिरा पडलेलं बोट झाकलं जातं, टप्प्यात ते उघडं पडतं. उपाय म्हणजे लांब-आखूड, मग आखूड-लांब अशा जोड्यांत तीच स्केल वाजवा. त्यानंतर व्हायोलिनवादक क्रॉयत्झरच्या ४२ एट्यूडांपैकी (सरावाच्या रचनांपैकी) दुसरी घ्या. ती पहिल्यापासून जवळजवळ सलग सोळांश सुरांची (एका ठोक्याला चार) आहे, त्यामुळे बोकडे लक्ष राहतं. ७२ पासून चार-चारने वाढवत १०० पर्यंत जा. तार बदलताना कोपर प्रत्येक सुरासाठी वर-खाली नेऊ नका; दोन तारांच्या मधल्या पातळीवर ठेवा आणि उरलेलं काम मनगटाला करू द्या.

साधारण १२० च्या पुढे स्पिकाटो दमायला लागतो. तिथून सोतिएची हद्द सुरू होते, आणि हा वेगळाच प्रकार आहे. स्पिकाटो वाढवत वाढवत सोतिए होईल या आशेवर वर्षं जातात. १३२ ला एका ठोक्याला चार म्हणजे सेकंदाला जवळजवळ नऊ सूर. एवढ्या वेगात प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र ताबा ठेवता येत नाही. इथे केस तारेपासून फारसे सुटतही नाहीत, उसळते ती काडी. बोच्या मध्यावर, किंवा किंचित टोकाकडे, तारेवर टेकूनच सेंमीभराचे अगदी जलद डेटाशे करा. पीठ चाळताना चाळणी जशी सैल हाताने हलते तसा पंजा हलू द्या, पण दिशा नुसती डावी-उजवी नको, जराशी तिरकी खाली-वर हवी. बो अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत तोललेला असावा. सरावापुरती अनामिका आणि करंगळी काडीवरून उचलूनच टाका. काडी नाचत नसेल तर दाब वाढवू नका. अर्धा-अर्धा सेंमी मागेपुढे सरकून तुमच्या बोची जागा शोधा. ती प्रत्येक बोची निराळी असते.

रिकोशेमध्ये एकाच दिशेला बो फेकून दोन, तीन, चार सूर काढायचे. बोच्या टोकाकडच्या अर्ध्या भागात, डाउन-बोने (फ्रॉगकडून टोकाकडे ओढत; उलट दिशा म्हणजे अप-बो), ३ सेंमी उंचीवरून टाका आणि आडवं फक्त ५-६ सेंमी जाऊ द्या. टप्पे हवे त्याहून जलद पडत असतील तर फ्रॉगकडे सरका. रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ ओव्हर्चरमधली शेवटची घोडदौड अनेक वादक अशीच वाजवतात.

बिघाड बहुतेक कानानेच ओळखता येतो. सूर न निघता नुसती ठकठक येत असेल तर बो उंचावरून सरळ खाली पडतोय: उंची कमी करा, आडवी हालचाल वाढवा. शीळ येत असेल, विशेषतः ई तारेवर, तर केस तारेला पकडतच नाहीत: राळ पाहा आणि जरा जास्त केस टेकवा. टप्पा लंगडत असेल, एक मोठा एक छोटा, तर अंगठा पाहा. तो सरळ होऊन काडीला रेटत असणार, त्याला पेरात वाकवा. अप-बो दुबळा पडत असेल तर आठवडाभर सगळं अप-बोने सुरू करा. बो फिंगरबोर्डवर घसरत असेल तर आरशात पाहा, तो तारेला काटकोनात राहिलेला नाही. खांदा वर चढून दुखायला लागला तर त्या दिवशी थांबा.

मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून हिंदुस्तानी पद्धतीने वाजवणाऱ्यांसाठी एक अडचण वेगळी आहे. त्या बैठकीत तारा पुढे उतरत्या असतात, म्हणून बोचं वजन तारेवर सरळ उतरत नाही आणि प्रत्येक टप्प्याला बो डोक्याकडे घसरू पाहतो. मींडेच्या वादनात या फटकाऱ्याचं काम तसं थोडंच, पण द्रुत लयीतल्या तुटक सुरांना तो छान उठाव देतो. आधी व्हायोलिन हनुवटीखाली आडवं धरून टप्पा पक्का करा, मग बैठकीत न्या. तिथे नेहमीपेक्षा बोटभर ब्रिजकडे (तारा पेलणाऱ्या घोडीकडे) सरकून सुरुवात करा आणि उंची निम्मी ठेवा.