दुसरा ठिपका सरकायचा थांबला
एक्स-रे लेसरचा एक स्पंद सिलिकॉन स्फटिकांनी दोन वाटांनी नेऊन नमुन्यावर पुन्हा एकत्र आणायचा. एका भागाला १ पिकोसेकंद (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) उशीर करायला त्याची वाट फक्त ०.३ मिलिमीटर लांबवायची! पण उशीर बदलला की नमुन्यावरचा त्या भागाचा, म्हणजे आमचा दुसरा ठिपका हळूहळू ढळायचा. किरण १ मायक्रोरेडियन (रेडियन या कोनाच्या एककाचा दहा लाखावा भाग) वळला तरी ५ मीटरवर ५ मायक्रॉनचा फरक पडतो. दोन रात्री मी, स्फटिक मोटरने ज्यावर सरकतो त्या रुळाच्या सरळपणावरच संशय घेत बसलो. मग मोटर न हलवता नुसता विद्युतप्रवाह चालू ठेवून पाहिलं, तरीही ठिपका सरकतच होता. हे सगळं निर्वातात असतं; उष्णता वाहून न्यायला तिथे हवा नसते, त्यामुळे मोटरची उष्णता थेट स्फटिकाच्या बैठकीत उतरत होती. आता स्फटिक जागेवर पोचला की प्रवाह बंद करतो आणि तांब्याच्या जाड वेणीने उष्णता बाहेर काढतो. ठिपके एकमेकांवर टिकतात. तरी प्रत्येक उशिरानंतर मी ते तपासतोच.