चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये येण्याआधी, आणि आल्यावरही

मिरजेत दवाखान्यांच्या गर्दीत माझं मेडिकल आहे. डी.फार्म. केलेली मी, काउंटरला बहुतेक मीच असते. १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून हे डॉक्टरांचं गाव. जत, कवठेमहांकाळ, पार कर्नाटकातल्या अथणीकडून माणसं येतात. त्यात आता सातवी-आठवीतल्या, अकरावी-बारावीतल्या पोरांना मानसोपचार तज्ज्ञांकडे दाखवायला आणलेले आईबापही पुष्कळ. बरेच जण चिठ्ठी घडी घालून उलटी ठेवतात आणि आवाज खाली करून विचारतात, "ताई, ही वेडाची गोळी न्हवं?"

नव्हं. पण एवढ्या एका वाक्यानं कुणाचं समाधान होत नाही. डॉक्टर पोराला महिन्यातून पंधरा-वीस मिनिटं बघतात, बाकीचा महिना ते तुमच्याजवळ असतं. म्हणून घरच्यांनी काय करायचं ते इथं लिहिते. कुठली गोळी द्यायची ते डॉक्टरच ठरवतील.

आधी, दाखवायचं कधी. शाळेच्या वेळेला रोज पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही. सोनोग्राफी नॉर्मल, जंताची गोळी देऊन झाली, तरी दुखतंच. किंवा चांगलं बोलणारं पोरगं एकाएकी वसकन अंगावर येतं. मुलांच्या नैराश्यात रडण्यापेक्षा चिडचिडच जास्त दिसते, म्हणून घरात ती उर्मटपणाच्या खात्यात जमा होते. झोप, जेवण, मित्र, अभ्यास यांतलं दोन-तीन ठिकाणी बिघडलंय आणि दोन आठवड्यांत जागेवर येत नाही, तर न्या. जीव द्यायची भाषा केली किंवा हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी न्या.

नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना आधी दाखवलं तर बरं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, डोळे, कान तपासून होतात. 'वर्गात लक्ष नाही' अशी तक्रार असलेल्या पोराला नुसता चष्मा लागलेला निघाला, असंही होतं. तिथून पुढे दोन माणसं लक्षात ठेवा. मानसोपचार तज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं त्याच विषयात शिकलेले डॉक्टर, या दोघांत औषध तेच लिहू शकतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. 'काउन्सेलर' अशी पाटी कुणीही लावतो, तिथं शिक्षण विचारायला लाजू नका. खर्चाची अडचण असेल तर सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्याकडच्यांना क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय. केसपेपरच्या खिडकीवर 'मानसोपचार' म्हणून सांगायचं. मधल्या वेळेला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास.

देवाधर्माचं मी काही बोलत नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्यात धागा बांधा, घरच्या देवाला नारळ ठेवा. पण 'बाहेरचं' म्हणून पोराला कुणी मारत-झोडत असेल, धुरी देत असेल, तर तो २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांनी आयुष्य घातलं त्या कायद्यापायी.

जायच्या आधी वहीत चार ओळी लिहा. हे कधीपासून, रात्री किती वाजता झोपतो, शाळेत काय सांगतात, घराण्यात कुणाला असा त्रास किंवा फिट येत होती का, सध्या कुठली औषधं चालू आहेत, त्यात वैद्यांच्या पुड्यासुद्धा. तिथं गेल्यावर आई एक सांगते, बाप दुसरं, आणि आजी तिसरंच, त्यात वेळ जातो. पोराला 'फिरायला जाऊया' म्हणून फसवून आणू नका. एकदा फसलेलं पोरगं दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. "तुला झोप लागत नाही, शाळेचं टेन्शन येतं, त्यावर काय करायचं ते बघणारे डॉक्टर आहेत," एवढं खरं सांगितलं तरी पुरतं. डॉक्टर तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसवतील. बसा. आणि घरी जाताना एसटीत 'काय काय बोललीस?' म्हणून उलटतपासणी घेऊ नका. जिवाला धोका असेल तर डॉक्टर तुम्हाला स्वतःहून सांगतात.

आता माझ्या अखत्यारीतलं. नैराश्याला, भीतीला मुलांना बऱ्याचदा फ्लुओक्सेटीन लिहितात. ही झोपेची गोळी नाही आणि हिची सवयही लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. त्याआधी मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा येऊ शकतो, म्हणजे तोटा आधी दिसतो आणि फायदा नंतर. याच टप्प्यावर आईबाप गोळी बंद करतात. पहिल्या काही आठवड्यांत, आणि डोस बदलल्यावर, पोरावर जास्त नजर ठेवा: फार सैरभैर झालं, झोपच उडाली, मरणाचं बोलायला लागलं तर लगेच डॉक्टरांना फोन. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या गटातल्या औषधांवर मुलांसाठी २००४ साली, आणि पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठी २००७ साली, तसा ठळक इशारा छापायला लावला. तो वाचून घाबरून औषध सोडायचं नाही.

दुसरी सवय, बरं वाटलं की बंद. मला ते न विचारता कळतं. महिन्याच्या गोळ्यांची चिठ्ठी, आणि गोळ्यांचं पुढचं पान (स्ट्रिप) न्यायला येतात अडीच महिन्यांनी. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालतं, मग डॉक्टर हळूहळू उतरवतात. एकदम सोडलं की चक्कर, चिडचिड, आणि आजार परत. पान कापून घेणार असाल तर एक्स्पायरी छापलेला तुकडा मागून घ्या. मी पाकिटावर 'सकाळी नाश्त्यानंतर' असं मराठीत लिहून देते, तुमचा दुकानदार देत नसेल तर लिहून मागा.

अतिचंचल मुलांना मिथाइलफेनिडेट लिहिलं असेल तर ते दहा दुकानं फिरूनही मिळणार नाही. ते 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं. त्याला वेगळं लायसन्स लागतं, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक आम्ही दोन वर्षं जपतो. कुठल्या दुकानात मिळतं ते डॉक्टरांकडूनच विचारून निघा. या गोळीनं भूक कमी होते, म्हणून सकाळी पोटभर खाऊ घालून द्यायची आणि दर भेटीला वजन-उंची मोजून घ्यायची. सहा वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर गोळीआधी आईबापांनाच शिकवतात, सूचना कशी द्यायची, शाबासकी कधी. आणि शेजारणीच्या चिठ्ठीवरची 'झोपेची अर्धी' पोराला कधी देऊ नका. त्यातली अल्प्राझोलाम 'शेड्यूल एच वन' या कडक नोंदीच्या यादीत आहे, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरला चढवल्याशिवाय मी ती हातात देत नाही. त्यावरून माझी भांडणं होतात, होऊ देत.

गोळ्यांपेक्षा बोलण्याचा उपचार लोकांना कमी वाटतो. "नुसतं बोलायचे पैसे?" असं म्हणतात. आमच्या ओळखीतली एक मुलगी, घर सांगलीवाडीला. २०१९च्या महापुरात लहान होती, पत्र्यावरून बोटीत काढलेली. आता जुलै लागला की झोप जाते, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी मोबाईलवर मिनिटामिनिटाला बघते. घरच्यांनी मोबाईल काढून घेतला, बातम्या बंद केल्या, तशी भीती वाढलीच. मानसशास्त्रज्ञ बाईंनी उलटं करवलं. पातळी दिवसातून दोनदाच बघायची, ठरलेल्या वेळी, वडिलांबरोबर. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, तेव्हा घरातलं कोण काय उचलणार ते कागदावर लिहून फ्रीजवर लावलं. मग आधी घाटापर्यंत चालत, मग पुलावर. भीतीच्या उपचारात पळवाट न देता थोडं थोडं समोर न्यायचं असतं, आणि त्याला आठवडे जातात. मधेच 'आता बास' म्हणून सोडू नका.

घरात लगेच करायचं काम एकच, आणि ते मी प्रत्येक चिठ्ठीमागे सांगते. द्राक्षाच्या पट्ट्यात, तासगाव-पलूसकडे, फवारणीची औषधं घराच्या पडवीत, बाथरूमच्या माळ्यावर असतात. ती कुलपात घाला, किल्ली पोराला माहीत नको. शक्य असेल तर घराबाहेरच काढा. मुलांचा जीव द्यायचा झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळी हाताशी काय सापडतं यावर सगळं ठरतं. गोळ्यांचा डबाही तुमच्याच ताब्यात ठेवा, रोजची एक समोर द्या. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही, उलट पोरगं सुटल्यासारखं बोलतं. प्रयत्न झालाच तर पोलिसांच्या भीतीनं लपवत बसू नका. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा माणसाला तीव्र ताणाखालचा धरतो, गुन्हेगार नाही. ॲडमिट करायची वेळ आली तर त्याच कायद्यानं अठराच्या आतल्यांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं असतं आणि घरचं माणूस जवळ राहू शकतं. विमा कंपनीनंही हा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा आहे, म्हणून बिलं टाकू नका.

शाळेत सगळं सांगायची गरज नाही. वर्गशिक्षकांना 'उपचार चालू आहेत, मधेच बाहेर जावं लागेल' इतकं पुरे. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असून वाचण्या-लिहिण्यात किंवा गणितात अडखळणं, निघाली असेल तर मात्र लपवू नका. दहावी बोर्डाला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी कुठल्या सरकारी रुग्णालयाचा दाखला चालतो ते मुख्याध्यापकांना नववीतच विचारून ठेवा, फॉर्म भरायच्या आठवड्यात धावपळ केली तर तारीख मिळत नाही. सगळे कागद एका फाईलला लावा. आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं झालं तर जुनी चिठ्ठी न फाडता तीच फाईल घेऊन जा.