परदेशात दिव्यांग मुलांसाठी स्वयंसेवा करायला जाताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक विमानात बसण्याआधीच होते: संस्थेची नीट चौकशी न करता पैसे भरणे. अनाथाश्रमात राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबी, उपचारांचा खर्च, जवळपास सामावून घेणारी शाळा नसणे, या कारणांनी मूल, त्यातही दिव्यांग मूल, घराबाहेर पडते. पैसे भरणारे पाहुणे येत राहिले की मुलांना घरी पाठवण्याची निकडच संस्थेला उरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेमुळे होणारे नुकसान रोखण्यास देशांना सांगितले, ते यासाठीच. दिव्यांगांच्या हक्कांचा २००६ चा करारही मुलाची जागा कुटुंबात, नाहीतर कुटुंबासारख्या वातावरणात मानतो.

म्हणून संस्थेला थेट विचारा: मुले घरी परतावीत म्हणून तुम्ही काय करता? आमची पोलीस पडताळणी मागता का? मागत नसतील तर जाऊ नका. तुम्हाला न तपासता आत घेणारे दुसऱ्या कुणालाही तसेच घेतील. कुटुंबांसोबत काम करणारी केंद्रे, पालकांचे गट, विशेष शाळा यांना आधी पसंती द्या. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा चालते का, हे त्या देशाच्या दूतावासाकडूनच विचारून घ्या.

पोचल्यावरची मोठी चूक म्हणजे शिकून न घेता हात लावणे. भरवणे सोपे वाटते, पण सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या अनेक मुलांना गिळायला त्रास होतो. मूल आडवे असताना किंवा मान मागे गेलेली असताना भरवले, तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मुलाला सरळ बसवा, मान किंचित पुढे असू द्या, छोटा घास द्या आणि तो गिळेपर्यंत थांबा. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, आवाज घोगरा झाला की भरवणे बंद करून तिथल्या जाणकाराला बोलवा. घाई करू नका, मग एका जेवणाला अर्धा तास लागला तरी चालेल.

आखडलेले हातपाय स्वतःहून ताणायलाही जाऊ नका. जी मुले उभी राहत नाहीत, त्यांची हाडे ठिसूळ असू शकतात आणि चुकीच्या जोराने मोडतात. फिट आली तर तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. मुलाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीची वैद्यकीय मदत हवी. खेळायला फुगे नेत असाल तर स्पायना बिफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला असणे) असलेल्या मुलांपासून लांब ठेवा, त्यांच्यात लॅटेक्सची, म्हणजे फुग्यांच्या रबराची, ॲलर्जी बरीच आढळते.

बोलता न येणारे मूल काहीच सांगत नाही, हा समज तर फार दुखावणारा आहे. नजर, आवाज, अंग ताठ करणे यातून ते हो-नाही सांगत असते, आणि ते ओळखणारी व्यक्ती बहुधा त्याची आई किंवा रोजची सांभाळणारी ताई असते. पहिले काही दिवस तिच्या शेजारी बसून ते शिका. मूकबधिर मुलांची खूणभाषा देशागणिक वेगळी असते. अमेरिकन आणि ब्रिटिश खुणासुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत.

तुम्ही फिजिओथेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक असाल तर मुलांवर थेट उपचार करण्यापेक्षा तिथल्या ताईंना आणि पालकांना शिकवण्यात वेळ घाला. तुम्ही परतल्यावर रोज मुलाला उचलणारे, बसवणारे, भरवणारे तेच असतात. देणगीची व्हीलचेअर नेताना मुलाचे माप घ्या आणि सुटे भाग तिथे मिळतात का ते बघा. मापाची नसलेली खुर्ची पाठीचा कणा वाकवते, अंगाला जखमा करते.

मुलांचे फोटो टाकू नका, विशेषतः आंघोळीचे, उपचारांचे किंवा कपडे नीट नसलेले.

आणि तिथे मुलांना बांधून ठेवलेले, उपाशी ठेवलेले किंवा मारलेले दिसले तर? तिथल्या तिथे भांडलात तर त्याचा राग मुलांवर निघू शकतो. तारीख, वेळ, काय पाहिले ते लिहून ठेवा. मुलाच्या जिवाला धोका असेल तर लगेच पोलिसांना कळवा. एरवी त्या देशाच्या बालसंरक्षण यंत्रणेकडे आणि तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करा, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.