लाल कार्ड, हिरवं कार्ड : पाणी तपासणीचं मूल्यमापन करायला निघालेल्यांसाठी

एमपीएच, एमएस्सी मायक्रोबायोलॉजी नाहीतर एमएसडब्ल्यू करून कुणी कंत्राटी सल्लागार म्हणून किंवा मूल्यमापन पथकात लागलं, की पहिल्याच आठवड्यात हातात एक एक्सेल शीट पडते. रकाने ठरलेले : तालुका, एकूण जलस्रोत, तपासलेले जलस्रोत, टक्केवारी, शेरा. बहुतेक ओळींत शंभर टक्के. नवीन माणसाला वाटतं, मग आपल्याला इथं घेतलंय कशाला? या कामात काही वर्षं काढल्यावर माझं म्हणणं असं की आपलं काम त्या शंभर टक्क्यांच्या पुढे सुरू होतं.

व्यवस्था थोडक्यात सांगतो. आपल्याकडे महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या सार्वजनिक जलस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. आरोग्य सेवक विहिरीवर, हातपंपावर, टाकीवर जाऊन प्रश्नावली भरतो. त्यातून स्रोताची जोखीम ठरते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं साथीचा उद्रेक नाही आणि कार्ड हिरवं राहिलं, तर चंदेरी. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात ते वेगळे. २०१९ला जलजीवन मिशन आल्यापासून गावातल्या पाच महिलांना किटवर पाणी तपासायचं प्रशिक्षण देणंही त्यात आलं. हे सगळं तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून राज्याला कळवलं जातं आणि आढावा बैठकीत टक्केवारी वाचली जाते.

टक्केवारी खोटी असतेच असं नाही. माणूस विहिरीवर गेलेला असतो, फॉर्म भरलेला असतो. पण त्याच विहिरीवर दुसरा माणूस गेला असता तर तेच कार्ड निघालं असतं का, आणि तपासणीनंतर त्या विहिरीत काही फरक पडला का, हे दोन प्रश्न कुठल्याच रकान्यात नसतात. मूल्यमापन करायचं ते या दोन प्रश्नांचं.

पहिल्या प्रश्नासाठी मी जोडतपासणी लावतो. दोघांनी एकाच स्रोतावर जायचं, एकमेकांशी न बोलता फॉर्म भरायचा, मग झाडाखाली बसून ओळ न् ओळ ताडून बघायची. ‘कठडा फुटला आहे का’ यावर सहसा दुमत होत नाही. ‘शौचालय जवळ आहे का’ इथं मात्र हमखास वाजतं. जवळ म्हणजे किती? टेप लावली, पावलं मोजली की नुसती नजर टाकली? ‘परिसर अस्वच्छ आहे का’ याचं उत्तर तर बघणाऱ्याच्या स्वभावावर असतं. भांडण होतंय ते प्रश्न वेगळे काढा. आरोग्य सेवकापेक्षा फॉर्मच दुरुस्तीला आलेला आहे, असं बरेचदा निघतं.

इथं आकडेमोडीचा एक सापळा आहे. समजा दोन्ही तपासनीस दहापैकी नऊ ठिकाणी ‘दोष नाही’ लिहितात. मग त्यांनी विहिरीकडे पाठ करून फॉर्म भरले तरी ८२ टक्के उत्तरं आपोआप जुळतील (०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१). म्हणून ‘८५ टक्के एकवाक्यता’ वाचून खूश होऊ नका. योगायोगानं जुळणारी उत्तरं वगळून खरी एकवाक्यता किती ते सांगणारा आकडा, म्हणजे कोहेनचा कप्पा, काढायला शिका, कुठल्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये निघतो. वरिष्ठांना कप्पा सांगत बसू नका, त्यांना ती ८२ टक्क्यांची गंमत सांगा. लगेच पटते.

जोडीनं तपासायची आणि पुढे फरक पडतो का ते मोजायची ही कल्पना अमेरिकेत हॉटेल-तपासणीच्या बाबतीत कागदावर पक्की उतरवलेली आहे. तिथल्या एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) तपासणी यंत्रणांसाठी नऊ ऐच्छिक मानकं आहेत. त्यांतल्या प्रशिक्षणाच्या मानकात नव्या तपासनीसानं आधी २५ तपासण्या जोडीनं आणि मग २५ एकट्यानं करायच्या असतात. शेवटच्या मानकात तर आजाराला कारण ठरणाऱ्या चुका काळानुसार कमी होताहेत का, हेच मोजायला सांगितलंय. तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी हा दस्तऐवज जरूर वाचावा. इकडे राहणाऱ्यांनीही वाचावा, फुकट आहे.

आता कागद आणि जमीन जुळवून बघायची एक रीत सांगतो, कारण ही कुठल्या प्रशिक्षणात मला कुणी सांगितली नव्हती. ग्रामपंचायतीत गेलात की ‘टीसीएल (म्हणजे ब्लीचिंग पावडर) रोज टाकता का?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’ येणार. त्याऐवजी जलसुरक्षकाला, म्हणजे पाण्यात पावडर टाकायचं काम असलेल्या गावातल्या माणसाला, म्हणा, ‘काका, पोतं कुठं ठेवता? जरा दाखवा ना.’ पोतं कपाटामागे, तोंड उघडं, वर ढेकळं झालेली, वास नावाला. ब्लीचिंग पावडर ताजी असते तेव्हा क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. उघडी राहिली की ते उडत जातं आणि २० टक्क्यांच्या खाली गेलं की पावडर पाण्यात टाकून उपयोग नाही. मग नोंदवही मागा. टाकी ५० हजार लिटरची असेल आणि हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबानं टाकत असतील, तर रोजचे २५० ग्रॅम झाले. २५ किलोचं पोतं १०० दिवसांत संपायला हवं, म्हणजे वर्षाला चार पोती. खरेदीचं बिल एकाच पोत्याचं आणि वहीत ३६५ दिवसांच्या नोंदी, त्याही एकाच पेनानं, म्हटल्यावर पुढे काही विचारायची गरज राहत नाही.

त्यानंतर गावातल्या शेवटच्या नळावर जा. टाकीजवळच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन असलं की पिवळा रंग देणारी ऑर्थोटोलिडीन चाचणी) पिवळी येणारच. वाडीच्या टोकाला, दलित वस्तीत, शाळेमागे रंग येतो का ते बघा. तिथं लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट (पाण्यात उरलेलं) क्लोरीन मिळालं तर खरं.

प्रयोगशाळेच्या आकड्यांबाबत एकच सांगतो : जुलै-ऑगस्टमध्ये एकही नमुना दूषित न आलेला तालुका दिसला, तर अभिनंदन करण्याआधी नमुना घेतल्याची वेळ आणि प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ शेजारीशेजारी ठेवा. बर्फाच्या डब्याचीही चौकशी करा. नमुना उशिरा किंवा बर्फाशिवाय पोचला असेल, तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरा प्रश्न, तपासणीनंतर फरक पडला का, हा जास्त अवघड आहे आणि त्याचं कारण तांत्रिक नाही. लाल कार्ड आलं की ग्रामसेवकाला नोटीस, आरोग्य सेवकाला बैठकीत उभं करणं, सरपंचाची नाराजी. असं एकदोनदा झालं की पुढच्या फेरीत लाल कार्ड गायब होतं. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी मात्र तसंच साचलेलं असतं. ज्या जिल्ह्यात लाल कार्डं कमी, तो जिल्हा चांगला, असं राज्यानं मानलं की लाल कार्ड लिहायची हिंमत कोण करेल? मी प्रत्येक अहवालात एक शिफारस लावून धरतो. लाल कार्डांची संख्या गुणवत्तेचा निकष म्हणून काढून टाका. त्याजागी सापडलेल्या दोषांपैकी पुढच्या सर्वेक्षणापर्यंत किती दुरुस्त झाले, ते मोजा. दोष शोधणाऱ्याचा गुण वाढला पाहिजे. काही ठिकाणी ही शिफारस स्वीकारली गेली, काही ठिकाणी ‘पुढील वर्षी विचार करू’ असा शेरा मिळाला.

दुरुस्ती मोजायची तर स्रोताला कायमचा क्रमांक हवा. ‘मारुती मंदिराजवळची विहीर’ ऑक्टोबरमध्ये ‘पाटलाच्या मळ्याजवळची विहीर’ होते आणि मग एप्रिलचा फुटका ओटा कुठल्या विहिरीचा होता हे कुणालाच सांगता येत नाही. जिओ-टॅग असेल तर उत्तम, नसेल तर निदान रंगानं आकडा टाकून घ्या.

गावं निवडताना तालुक्यानं दिलेली यादी नम्रपणे घ्या आणि बाजूला ठेवा. ती डांबरी रस्त्यालगतच्या गावांची असते. सगळ्या गावांच्या यादीतून चिठ्ठ्या काढा, त्याही तालुक्याच्या माणसासमोर, म्हणजे नंतर कुरकुर नको. जमल्यास भेटी पावसाळ्यात ठेवा. मूल्यमापनाची पथकं जानेवारी-फेब्रुवारीत फिरतात, कारण निधी मार्चएंडच्या आत खर्च करायचा असतो. तेव्हा पाणी नितळ असतं, चिखल वाळलेला असतो आणि बहुतेक सगळं हिरवंच दिसतं.

आरोग्य सेवकाशी कसं वागायचं हेही शिकून घ्या. त्याच्याकडे हिवताप आहे, लसीकरण आहे, सर्वेक्षणं आहेत, पाणी त्यातलं एक. तुम्ही गाडीतून उतरता आणि तो दुचाकीवर स्वतःच्या पेट्रोलनं आलेला असतो. निष्कर्ष राज्याला पाठवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत त्याच्यासमोर मांडा. निम्म्या गोष्टींचं खरं कारण तिथंच कळतं. कुठं ओटीचं द्रावण चार महिने आलेलं नसतं, कुठं एकाच माणसाकडे दोन उपकेंद्रांचा चार्ज असतो. अहवालात ती कारणं सापडलेल्या दोषांच्या शेजारीच छापा. परिशिष्टात ढकललीत तर कुणी वाचत नाही.

आणि हो, कंत्राट अकरा महिन्यांचं असेल तर प्रवासभत्त्याची बिलं दर महिन्याला लावत जा. साचवून ठेवलीत तर मार्चमध्ये ‘तरतूद संपली’ हे ऐकायची तयारी ठेवा.