भात-गव्हाला संजीवक मारताय? या चुका टाळा

"भात पिवळं पडलंय, काहीतरी टॉनिक द्या." दुकानात एवढं म्हटलं की एक बाटली हातात पडते. बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून चिकोडीपर्यंत हेच चालतं, आणि पहिली चूक इथेच होते. संजीवक म्हणजे झाडाची वाढ कमी-जास्त करणारं द्रव्य, खत नव्हे. पीक नत्राला किंवा जस्ताला भुकेलं असेल तर जिबरेलिक आम्ल (जिबरेलिन) या संजीवकाने पात लांबेल, भूक भागणार नाही.

जिबरेलिनची ओळखच मुळात भाताच्या रोगातून झाली. एका बुरशीच्या स्रावाने भाताची रोपं उंच, किडकिडीत, फिकी होतात, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी 1926 साली दाखवलं. पुढे त्याच स्रावातून जिबरेलिन वेगळं काढलं गेलं. आमच्या बासमतीला मी युरियाच्या जोडीला तेच मारलं होतं. पीक हिरवंगार, बांधावरून बघणारे कौतुक करायचे. परतीच्या पावसात एका रात्रीत सगळं आडवं झालं. ताट उपटून पाहिलं, तर बुडाची पेरं नेहमीपेक्षा लांब, आणि चिमटीत दाबली की चपटी होत होती. चिखलातल्या लोंब्यांना तिथेच मोड आले.

पीक लोळू नये म्हणून गव्हाला क्लोरमेक्वाट हे संजीवक देतात. ते उलटं काम करतं: झाडात जिबरेलिन तयार होणं रोखतं, त्यामुळे पेरं आखूड राहतात. पण वेळ चुकली की पैसे पाण्यात. गहू कांडी धरू लागला की एक ताट ब्लेडने उभं चिरा. बुडाशी पहिलं पेर दिसलं की फवारणीची वेळ झाली. लोंबी बाहेर पडल्यावर मारून काही हाती लागत नाही. पाण्याचा ताण बसलेल्या पिकावरही मारू नका. आणि हे औषध दाणे वाढवत नाही, लोळून जाणारे दाणे वाचवतं. तुमचा गहू मुळात लोळतच नसेल तर खर्च कशाला?

मापाची चूक सगळ्यात महागात पडते. जिबरेलिक आम्ल 0.001 टक्क्याच्या द्रावणातही मिळतं आणि 40 टक्क्यांच्या पावडरीतही. नाव एकच, ताकदीत चाळीस हजार पटींचा फरक. समजा 10 पीपीएम मारायचंय, तर ते झालं लिटरला 10 मिलिग्रॅम. 15 लिटरच्या पंपाला 150 मिलिग्रॅम, म्हणजे 40 टक्के पावडर फक्त 375 मिलिग्रॅम. झाकणाने मोजायची ही गोष्ट नाही. लेबलवर आपल्या पिकाचं नाव आणि प्रमाण बघा. समजलं नाही तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात वाचून घ्या.

टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप यासाठी वापरू नका. तेही संजीवकच, ऑक्सिन नावाच्या गटातलं. निपाणीकडे शेजारी तंबाखू असेल तर टू-फोर-डीचा वारासुद्धा तंबाखूची पानं वेडीवाकडी करतो.

फवारून बिघडलंच तर दुसरं संजीवक मारून दुरुस्त करायला जाऊ नका. युरिया थांबवा, भात पक्व होत आलं असेल तर खाचरातलं पाणी काढा, आणि आडवं पडलेलं आधी कापा.

पुढच्या हंगामात मात्र एक पट्टा न फवारता सोडा. कापणीला दोन्हीकडचा एकेक गुंठा वेगळा मळून वजन करा.